खाडीतला जांभळा डाग

मंजुषा रत्नागिरीला शिंपल्यांवर संशोधन करायची. दिवाळीला मानोऱ्याला घरी आली, ती नमुन्यांचे डबे घेऊनच. आई बेबीताई दवाखान्यात नर्स, त्यामुळे घरीही कुणी ना कुणी बीपी तपासायला येई. त्या दिवशी तांड्यावरच्या ललिताबाई आल्या होत्या. ओसरीवर मांडलेला एक शिंपला त्यांनी उचलून आत पाहिलं. बिजागरीपाशी जांभळा डाग होता.

"असा तं माह्या घरी हाये. नातवाले यानंच औषध पाजतो मी."

मंजुषा हसली. "मावशी, हा समुद्रातला हाये. तुमच्या घरी कुठून येईन?"

"समुद्रातूनच आणला. रायगडकडं लाकडाचा कोळसा पाडाले गेलतो ना आमी, तीन साल झाले."

मंजुषाला खरंच वाटेना. रत्नागिरीच्या उत्तरेला ही जात आजवर कुणी नोंदवली नव्हती. ती लगोलग तांड्यावर गेली. शिंपला तोच होता! पण मेलेला शिंपला लाटांबरोबर कुठूनही वाहत येतो. नोंद करायची तर जिवंत मिळायला हवा. जागा दाखवायला याल का, असं तिनं भीतभीतच विचारलं.

"येतो ना. ठेकेदार आमाले टाकून पळाला, तवा पंधरा दिवस लेकरं त्या शिंपल्यायवरच जगले. त्या खाडीले कसं भुलू?"

जानेवारीत, मोठी ओहोटी पाहून दोघी खाडीवर पोचल्या. ललिताबाईंची जुनी जागा भरावाखाली गेली होती. मंजुषा हिरमुसली. ललिताबाईंनी मात्र लुगडं खोचलं आणि तिवरांच्या झाडीपलीकडे, गुडघाभर चिखलातून वाकून पाहत चालू लागल्या. तासाभरानं त्यांनी हाक मारली.

"हे पाह्य, नाकावानी दोन भोकं!"

विळ्यानं त्यांनी चिखल उकरला. एक निघाला, मग तीन, मग ओंजळभर. सगळे जिवंत, घट्ट मिटलेले. मंजुषानं एक उघडला. आत जांभळा डाग होता.

ही जात उत्तरेला कुठं सापडेल म्हणून दोन वर्षं ती नकाशे धुंडाळत होती आणि उत्तर तिच्याच गावच्या बाईकडे होतं. तिचे डोळे भरून आले. तिथंच वाकून तिनं ललिताबाईंच्या पायांना हात लावला.

"अवं पोरी, चिखलात काहून वाकून राह्यली!" त्या ओशाळल्या.

पाच शिंपले नमुन्याला घेतले. बाकीचे ललिताबाईंनी स्वतः एकेक करून चिखलात परत खोचले.

प्रयोगशाळेनं जात तीच असल्याचं कळवलं आणि मे महिन्यात नोंद छापून आली. मंजुषा ती घेऊन तांड्यावर गेली. सून रेणूनं मोठ्यानं वाचलं, "शोधणारी व्यक्ती: ललिताबाई दौलतसिंग राठोड, मानोरा."

ललिताबाई बराच वेळ आपल्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् खाडीचं नाव?"

"पहिल्याच ओळीत हाये, मावशी."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि मंजुषासाठी चहा ठेवायला उठल्या.