समोरचे दोन कोपरे

“हलू नका हो. हललात तर भलतीकडेच लागेल.”

“मी कुठे हलतोय? तू टेकव एकदाची.”

शेजारच्या पंक्चरवाल्याने तिच्या नवऱ्याचा पाय सायकलच्या ट्यूबसारखा दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता. पोटरीवर कुत्र्याचे दात रुतले होते आणि रक्त टाचेपर्यंत ओघळलं होतं. तिने पितळी इस्त्री उचलली. सवयीने ओलं बोट तळाला लावून पाहिलं, चर्र झालं, आणि मग इस्त्रीचं टोक त्या जखमेवर टेकवलं.

तो ओरडला नाही. डोळ्यांत पाणी तरारलं, जबडा आवळला गेला, आणि दातांमधूनच तो म्हणाला, “कडक!”

पंक्चरवाला पाय सोडून हसत सुटला. “धन्य आहे शेठ तुमची! वहिनी, आता उलटून दुसरी बाजूही करा.”

“तुम्हाला बरी थट्टा सुचते,” ती म्हणाली. पण तिलाही हसू फुटलं, डोळे पुसता पुसता.

हा ‘कडक’ त्याचाच शब्द. गिऱ्हाइकाने गठ्ठा टेबलावर टाकला की तो विचारायचा, “साधी करू की...” आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून मोकळा व्हायचा, “कडक!” त्यावरून सगळी गल्ली त्याला कडकशेठ म्हणू लागली. अंगाने माणूस असा किडकिडीत, की स्वतःचाच सदरा त्याला दुसऱ्याचा वाटावा.

जखम इस्त्रीने भाजायची हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण त्या दोघांचं आयुष्य इस्त्रीच्या दुकानात, विस्तवापाशी गेलं होतं. आजाऱ्याच्या अंथरुणावरच्या चादरी, शिवणीत ढेकूण दडलेले कोट, कुणाच्या शेवटच्या दिवसांचे सदरे, सगळं त्या टेबलावरून जायचं. लोक नाक मुरडत आणून टाकत आणि छातीशी धरून घरी नेत. निखाऱ्यांखालून गेलं की काही उरत नाही, असा त्यांचा अनुभव होता आणि अनुभवापलीकडे त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. जखम धुवायचंही त्यांच्या मनात आलं नाही. पाणी लागलं की जखम चिघळते, असं पंक्चरवाला म्हणाला, आणि कोपऱ्यातला साबण कोपऱ्यातच राहिला.

शिवाय चावलं होतं ते घरचंच म्हणायचं. कोळशा. काळा, एका कानाने फाटका, टेबलाखाली राखेच्या उबेत झोपणारा. आठवडाभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं. तोंडाला फेस, नजर भलतीकडे. हा त्याला हलवायला वाकला आणि त्याने पोटरी धरली.

“आपलाच तो,” कडकशेठ म्हणाला. “झोपेत दचकला असेल.”

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. लांब रांग, आणि रांगेच्या टोकाला जाळीची खिडकी. खिडकीतल्या बाईंनी जखम पाहून कपाळाला हात लावला. “हे काय करून ठेवलंत? सुया घ्याव्या लागतील. पण लस संपलीये आमच्याकडची. सोमवारी या. नाहीतर बाहेरून आणा, आम्ही टोचून देतो.”

बाहेरच्या दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा कडकशेठला वाटलं, सगळ्या सुयांचा मिळून सांगितला.

“एकीचा,” दुकानदार म्हणाला. “अशा चार-पाच लागतील. आणि जखमेत भरायचं औषध वेगळं.”

ते दोघं तसेच परत आले. खोलीचं भाडं थकलेलं होतं, कोळसेवाल्याने तर तोंडावर सांगितलं होतं की पुढचं पोतं रोख. सोमवारी तो गेला. त्याचा नंबर यायच्या आधीच खिडकी बंद झाली. पुन्हा एकदा गेला, तेव्हाही तेच. जाण्यायेण्यात कामाचा दिवस बुडायचा, आणि कपडे वेळेवर मिळाले नाहीत की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जायचं.

“पितळी इस्त्री विकू या,” ती एका दुपारी म्हणाली. इस्त्र्या दोन. जड पितळी त्याची, आणि तिची हलकी लोखंडी.

त्याने हातातली इस्त्री पट्टीवर ठण्कन ठेवली. “पायासाठी हात विकू? आणि मग चादरी कशाने करू, कपाळाने?”

“उसने घेऊ कुणाकडून.”

“अगं, जखम बघ तरी.” त्याने लेंगा वर केला. जखमेवर गुलाबी, तुकतुकीत कातडी धरली होती. “भरली की नाही? भरलेल्या जखमेला सुई टोचायची म्हणजे इस्त्री केलेला सदरा पुन्हा धुवायला टाकायचा.”

कोळशा गटाराकडेला मेलेला सापडल्याचं पंक्चरवाल्याने तोवर सांगितलं होतं. तिला ते आठवलं. ती बोलणारही होती. पण तो पुन्हा कामाला लागला होता, गुणगुणत, आणि ते गुणगुणणं थांबवायचं तिच्या जिवावर आलं.

त्याचा गळा फार गोड होता असं नाही. सकाळी रेडिओवर देवाची गाणी लागत, त्यातलं एखादं कडवं दिवसभर त्याच्या ओठांवर राहायचं. शब्द विसरला की हुंकार भरायचा, आणि समेवर इस्त्री लोखंडी पट्टीवर ठेवायचा. ठण्! रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दुकान; त्या दोघांपुरतं मात्र तिथे दिवसभर देवाचं नाव चालू असायचं. तो गायचा, ती पाणी शिंपडायची. घडीच्या वेळी दोघं चादरीचे दोन-दोन कोपरे धरून समोरासमोर उभे राहायचे, ताणायचे, झटकायचे, आणि चालत एकमेकांकडे यायचे. तो आपले कोपरे तिच्या हातात द्यायचा आणि खालची घडी उचलायला वाकायचा. दिवसात कितीदा तरी असं व्हायचं. लेकरू झालं नाही त्यांना. जवळ येण्याचं निमित्त म्हणाल तर ते एवढंच, आणि ते त्यांना पुरत होतं.

जखम विसरायला झाली होती. मग एके दिवशी तो पोटरी खाजवू लागला. “मुंग्या आल्यात,” म्हणाला. अंगात कणकण होती, झोप नीट लागली नव्हती. समोर लॉजच्या चादरींचा ढीग होता. तिने तांब्यात बोटं बुडवली आणि रोजच्यासारखं पाणी शिंपडलं. चार थेंब त्याच्या हातावर उडाले.

तो केवढा दचकला! मान मागे गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, श्वास मध्येच अडकला.

तिला हसू आलं. “काय हो हे! अंघोळीला भिणाऱ्या पोरासारखं!”

ती मोठ्याने हसली होती. पंक्चरवाल्यालाही ऐकू गेलं होतं ते हसणं. पुढे ते तिच्या कानातून जाता जाईना.

तोही ओशाळून हसला. “पुन्हा मार बघू,” म्हणाला. तिने बोटं बुडवली, आणि तांब्यातल्या पाण्याचा आवाज झाला तेवढ्यानेच तो टेबलापासून मागे सरला. तिने चहा दिला. पेला ओठांपर्यंत आला आणि हात असा थरथरला की चहा चादरीवर सांडला. मग ती निखाऱ्यांना वारा घालू लागली. पुठ्ठ्याच्या त्या एवढ्याशा वाऱ्याने त्याचा गळा आवळला. तिच्या हातातला पुठ्ठा गळून पडला.

पंक्चरवाला उठून आला होता. तो या वेळी काही थट्टा करेना. “वहिनी,” तो हळू म्हणाला, “मी रिक्षा आणतो.”

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने सगळं विचारून घेतलं. कधी चावलं, कुत्र्याचं काय झालं.

“जखम साबणाने धुतली होती?”

“भाजली होती. मीच भाजली.”

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. मग तिला बाजूला नेऊन म्हणाला, “मावशी, आता आमच्या हातात फार काही नाही. त्यांना त्रास कमी व्हावा एवढं बघू. कुणाला कळवायचं असेल तर कळवा.”

“कळवायचं कुणाला?” ती म्हणाली. “मी तर इथेच आहे.”

त्याला टोकाच्या खोलीत ठेवलं. खिडकीला जाड पडदा, पंखा बंद, नळाला फडकं बांधलेलं. मधूनमधून त्याला झटके येत आणि तेव्हाचा तो तिला ओळखू येत नसे. झटका ओसरला की पुन्हा तोच कडकशेठ, अगदी शहाणा, घाम पुसणारा. तिला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. त्याला सगळं कळत होतं.

“आत येऊ नकोस,” तो म्हणाला. “दारातच बस. माझी थुंकी उडते.”

ती दारात बसली.

“लॉजच्या चादरी राहिल्या गं.”

“राहू देत.”

“चहाचा डाग पडलाय एकीवर. आधी धुऊन घे. आणि कडा जुळव नीट, तू घाई करतेस.”

“मी घाई करते? तुम्हीच आपले कोपरे माझ्या अंगावर टाकून मोकळे होता!”

तो हसला. हसताना गळा आवळला, ते ओसरेपर्यंत तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. त्याचे ओठ कोरडे पडून चिरले होते. त्याला पाणी हवं होतं, आणि पाण्याचा शब्दसुद्धा त्याला सोसत नव्हता. आयुष्यभर जिने ओंजळी ओंजळीने पाणी उडवलं, ती त्याच्या ओठांना ओलं बोट लावू शकत नव्हती.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “ठेका धर.”

तिला आधी कळलं नाही. मग तिने कमरेची खोलीची किल्ली काढली आणि दाराच्या लोखंडी कडीवर हळूच मारली. ठण्. थांबून पुन्हा, ठण्. त्याला गाणं शक्य नव्हतं. पण चादरीवरचं त्याचं बोट हलत होतं, कडव्याच्या चालीवर, आणि समेला बरोबर थांबत होतं. वॉर्डातल्या कुणीतरी हे काय चाललंय म्हणून डोकावलं आणि मुकाट परत गेलं. देव कुठे असतो ते मोठ्या लोकांनी सांगावं. त्या वेळी तो त्या कडीपासून लांब नसावा.

संध्याकाळी सिस्टर तिच्यापाशी आली. “मावशी, तुमच्या हाताला भाजल्याच्या चिरा आहेत, आणि इथे आणताना तुम्ही त्यांचं तोंड पुसलंय. तुम्हालाही सुया घ्याव्या लागतील. बाही वर करा.”

“आज आहे?”

“आहे. कालच आली.”

सिस्टरने बाटली काढली. एवढीशी. सदऱ्याच्या गुंडीपेक्षा थोडी मोठी. ती त्या बाटलीकडे बघत राहिली.

“एवढीच असते?”

“एवढीच. दुखणार नाही, मान तिकडे करा.”

तिने मान वळवली नाही. सुई आत गेली, बाहेर आली. खरंच काही दुखलं नाही. सिस्टरने कापूस दाबला, तरी ती दंड पुढे धरून तशीच उभी राहिली, जणू अजून कुणाची तरी पाळी बाकी आहे.

तो सकाळी गेला. रेडिओवर गाणी लागतात त्या सुमाराला.

पुढच्या सुयांतली तिने एकही चुकवली नाही. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी ती दुकान लावायची नाही. कपडे अडले तर अडले, गिऱ्हाईक गेलं तर गेलं. रांगेत नवीन कुणी जखम घेऊन आलेलं दिसलं, की ती आपणहून विचारायची, “साबणाने धुतलं का?” आणि नाही म्हटलं तर त्याला हाताला धरून आवारातल्या नळाशी न्यायची आणि नळ पुरा सोडायची.

पितळी इस्त्री विकायची तशी राहिलीच. तिच्या मनगटाला ती पेलत नव्हती. टेबलाच्या टोकाला ती थंड असायची, पोटात निखारा नाही. पंक्चरवाला मधूनच येऊन चौकशी करायचा. “वहिनी, काही लागलं तर सांगा.” ती मान हलवायची. एखादं गिऱ्हाईक नवीन असायचं, गठ्ठा टाकून सांगायचं, “साधीच करा, कडक नको.” ती म्हणायची, “बरं.”

लॉजच्या चादरी मात्र कराव्याच लागणार होत्या. चहाचा डाग धुऊनही पुरता गेला नव्हता. तिने पाणी शिंपडलं, हात आखडता घेऊन, समोर कुणाच्या अंगावर उडू नये असं. इस्त्री फिरवली. मग घडीची वेळ आली आणि ती दोन कोपरे हातात धरून उभी राहिली. उरलेले दोन जमिनीकडे लोंबत होते.

भिंतीवर तो सदरा अडकवायचा त्या खिळ्याशेजारी तिने दुसरा खिळा ठोकला, चादरीच्या रुंदीएवढ्या अंतरावर. चादरीचे ते दोन कोपरे नीट ताणून खिळ्यांवर लावले. आपले दोन घेऊन मागे मागे गेली, चादर ताठ होईपर्यंत. झटकली. आणि कडा जुळवत, अजिबात घाई न करता, ती भिंतीकडे चालत आली.