तन्वीचं शुद्ध मराठी

तन्वी शुद्ध मराठीत बोलायला लागली, त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले.

आम्ही ग्वाल्हेरचे. पूर्वज दरबारात लिखापढीला म्हणून दक्षिणेतून आले ते इथलेच झाले. आता हरिशंकरपुरमला घर आहे, दारावर मराठीत पाटी आहे आणि पाटीच्या आत सगळं हिंदी आहे. माझे धाकटे दीर श्रीपाद यांना ही गोष्ट फार लागते. त्यांची एकुलती एक मुलगी तन्वी कोचिंगमध्ये शिकवते आणि जाताना मला सांगते, "काकू, मैं निकल रही हूँ, दरवाजा लगा लो." भावजी पेपरामागून म्हणायचे, "दार लावून घ्या, असं म्हणावं बाळ." ती म्हणायची, "हाँ बाबा, वही."

दिवाळीनंतर तिची झोप गेली. मग शेजारी आपलं बोलणं ऐकतात असं म्हणून तिने मोबाइल पाण्याच्या टाकीत टाकला. मानसिक रोगांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिच्या आईला, म्हणजे सीमंतिनीला, बाजूला घेऊन विचारलं की कुणी मुलगा वगैरे आहे का. घराने तो मुलगा इतका शोधला की सापडला असता तर लग्नच लावून टाकलं असतं.

आणि एका सकाळी पोर उठून बसली नि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बे एके बे, बे दुणे चार." मग तिने पाढे म्हटले, वार म्हटले, महिने म्हटले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. मध्ये एक हिंदी शब्द नाही. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पहिला फोन डॉक्टरांना नाही, तात्यासाहेबांना केला.

तात्यासाहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. भाषा बुडाली हे ते दर गणेशोत्सवात माइकवरून सांगतात; त्यांचे नातू तेव्हा मागे हिंदीत भांडत असतात. ते लगेच आले. पलंगाशी वाकून म्हणाले, "कशी आहेस बाळ?"

तन्वी म्हणाली, "कशी आहेस बाळ?"

"उच्चार बघा," तात्यासाहेब म्हणाले. "आणि आधी दुसऱ्याची चौकशी. ह्याला संस्कार म्हणतात."

येत्या रविवारी मंडळात तन्वीचा सत्कार ठरला. शालसुद्धा आली.

दोन दिवसांनी तिचा डावा हात वर उठला तो तसाच राहिला, पंजा पुढे करून. आपण खाली घेतला तरी पुन्हा हळूहळू वर जायचा. कॉलनीतल्या बायकांनी त्याचा अर्थ आशीर्वाद असा लावला. त्या येऊन हाताखाली डोकं धरायच्या आणि प्रश्न विचारायच्या. एकीने विचारलं, मुलाचं लग्न होईल का. तन्वी म्हणाली, "होईल का." बाईंनी त्यातला "होईल" तेवढा घेतला आणि नारळ ठेवून गेल्या.

मी हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होते, कारण सकाळी मी बोलत नाही. माझे यजमान गेल्यापासून माझं व्रत आहे, दुपारचा नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. एकदा स्वयंपाकघरात गॅस गळत होता तेव्हाही मी ताट वाजवून सगळ्यांना बोलावलं होतं. बोलत नसलं की माणसाला ऐकायला फार वेळ मिळतो. देव अंगात येतो की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पण आलाच, तर तो पोरीला स्वतःची जीभ चावायला लावील, असं मला वाटत नाही. तन्वीचे ओठ सारखे चावल्यासारखे हलत होते. उशीवर रक्ताचे ठिपके पडत होते. दुपारी मी ते सीमंतिनीला दाखवले. ती म्हणाली, जाऊबाई, पानाचा रंग असेल, बायका विडा देऊन गेल्यात.

मग शुक्रवारी, तात्यासाहेब सत्काराचं भाषण वाचून दाखवत असताना, तन्वीला फिट आली. भाषण तिसऱ्या पानावर थांबलं. तिला कंपू भागातल्या एका इस्पितळात नेलं.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर म्हणजे सोनिका. शिंदे की छावनीतल्या मराठा घरातली मुलगी. पणजोबा फौजेत होते. त्या पेशंटशी हिंदीत बोलतात, म्हणून तात्यासाहेबांनी त्यांना आल्या आल्या नापास केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनिकांनी आम्हां सगळ्यांना बसवून समजावलं. शरीराचे पहारेकरी कधीकधी वेडावतात, घरच्यालाच चोर समजतात आणि मेंदूवरच हल्ला करतात. त्याने मेंदूला सूज येते. आजार फार विरळा आहे, पण धरला तर बरा होतो. पाठीतून पाणी काढून दिल्लीला पाठवायचं, पोटाचा स्कॅन करायचा, कारण तरुण मुलींत याचं मूळ कधी बीजकोशातल्या गाठीत असतं. आणि रिपोर्टची वाट न बघता औषध आजच सुरू करायचं. उशीर झाला तर श्वास बंद पडू शकतो.

यावर आमच्याकडचे विचार असे झाले. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे भावजींना बँकेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलेलं होतं. बीजकोश हा शब्द ऐकून सीमंतिनीने आधी दार लावलं, मग विचारलं की फाइलमध्ये हे लिहिलंच पाहिजे का, उद्या लग्न करायचंय पोरीचं. तात्यासाहेबांना फक्त रविवारची काळजी होती. ते म्हणाले की मेंदूला सूज असती तर हिंदी सुचलं असतं. इतकं निर्दोष मराठी निरोगी डोक्यातूनच येणार. आपल्या जबाबदारीवर दोन दिवस घरी नेऊ, सत्कार झाला की आणू परत.

भावजींनी मान हलवली. "नेतो आम्ही घरी," ते म्हणाले.

सकाळचे दहा वाजले असतील. माझ्या हातात जपमाळ होती. ती मी पिशवीत ठेवली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती मराठी बोलत नाहीये. ती बोलतच नाहीये. पाच वर्षांची असताना मी तिला जे शिकवलं, तेवढंच बाहेर पडतंय. आठवडाभरात तिने स्वतःचं एक वाक्य म्हटलेलं नाही. भावजी, सही करा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोनिकांना काय झालं ते कळेना. त्यांनी एवढं सगळं समजावलं तेव्हा कुणी घाबरलं नव्हतं. सीमंतिनीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"जाऊबाई बोलल्या," ती म्हणाली. "अहो, जाऊबाई सकाळच्या बोलल्या. पोर जातेय माझी."

भावजींनी उपचारांच्या कागदावर सही केली.

औषधं चढली, बाटल्यांमागून बाटल्या. स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली. ती काढली तेव्हा तिच्यात केस होते, दाताचा तुकडा होता आणि मेंदूसारखाच थोडा भाग होता. पहारेकरी निघाले होते त्या गाठीला मारायला, आणि तसंच दिसलं म्हणून खऱ्या मेंदूवर तुटून पडले. दिल्लीचा रिपोर्ट आला तो सोनिकांच्या बाजूने. कॉलनीत सीमंतिनीने अपेंडिक्स सांगितलं. नारळवाल्या बाई नारळ परत मागायला आल्या नाहीत, एवढं खरं.

पण तन्वी गप्प होती. पाढे गेले, महिने गेले, हात खाली आला आणि मराठीही गेलं, हिंदीही गेलं. नुसती बघायची. सोनिका म्हणायच्या, येईल, सावकाश येईल. मी रोज दुपारपर्यंत तिच्याशेजारी बसायचे. दोघी गप्प. माझं व्रत होतं. तिचं काय होतं ते देवाला ठाऊक.

संक्रांतीच्या सुमारास तिचे डोळे माणसांमागे फिरायला लागले. तात्यासाहेबांना बातमी लागली नि ते सकाळीच इस्पितळात हजर झाले, शाल घेऊन, मंडळाची चार माणसं घेऊन. पहिलं वाक्य ऐकायचं होतं त्यांना. सगळे पलंगाभोवती उभे राहिले. तन्वीने एकेकाचा चेहरा पाहिला, शाल पाहिली. ओठ हलले. कोरडा, तुटका आवाज आला.

"काकू... ये सब लोग क्यूँ आए हैं? कोई मर गया क्या?"

भावजी रडायला लागले, आणि पहिल्यांदाच वाक्य दुरुस्त करायचं विसरले.

तात्यासाहेबांनी शालीची घडी नीट केली. मग सोनिकांजवळ जाऊन हळूच विचारलं, औषधाचा डोस जरा जास्त झाला का.

"क्यूँ, थोडी बीमारी छोड़नी थी क्या?" सोनिका म्हणाल्या आणि नाडी बघायला लागल्या.

तन्वी अजून माझ्याकडेच बघत होती. "काकू?"

नैवेद्याला अजून वेळ होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सीमंतिनीचा चेहरा पुन्हा पांढरा पडायला लागला, म्हणून मी आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नहीं बेटा," मी तन्वीला म्हटलं, "कोई नहीं मरा."

बाकीचं दुपारनंतर, असं मी बोटाने खुणावलं. ती खूण तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने ओळखली.