सईला घेऊन मद्रासला

१९९३ च्या जानेवारीत क्षमा आगाशेला फेलोशिप मिळाली. मूळची साताऱ्याची ही मुलगी सांगलीच्या एका इस्पितळात सर्जरीचं शेवटचं वर्ष करत होती. लहान मुलांच्या मेंदूवरच्या शस्त्रक्रिया शिकायची इच्छा असलेल्या निवासी डॉक्टरांना ही फेलोशिप दोन महिने मद्रासला पाठवायची. सांगलीत अशी मुलं आली की त्यांना पुण्या-मुंबईला पाठवण्यापलीकडे कुणी काही करू शकत नव्हतं. क्षमाला तेच खुपायचं.

निघायच्या आठवड्यातच क्रांती पार्टे तान्ह्या सईला घेऊन वॉर्डात आली. सासर मेढ्याचं, पण बाळंतपणासाठी ती सांगलीजवळच्या माहेरी आलेली. नवरा फौजेत, जम्मूला. सोबत सासरे होते, निवृत्त सुभेदार मानसिंग. पोरीचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं झालं होतं, टाळू ताणलेली, बुबुळं सारखी खाली उतरलेली.

"गावात म्हणत्यात दिष्ट लागलीया," क्रांती हळूच म्हणाली.

"दृष्ट नाही. डोक्यात पाणी साठतंय आणि त्याला वाट मिळत नाहीये," क्षमाने सांगितलं. "आतून एक बारीक नळी पोटापर्यंत नेली, की पाणी उतरतं."

विभागप्रमुख बापट सरांनी पुण्याला फोन लावला. महिन्याने या, असं उत्तर आलं. एवढा वेळ सईकडे नव्हता.

क्षमा रात्रभर विचार करत राहिली. सकाळी ती थेट सरांच्या खोलीत गेली. "सर, मी मद्रासला जातेच आहे. हिला बरोबर नेऊ?"

"अगं, तुला शिकायला पाठवतायत. पेशंट घेऊन जायला नाही."

"मग विचारून बघते."

तिने मद्रासच्या इस्पितळातल्या विभागाच्या प्रमुखांना फोन केला. त्यांनी पोरीचं वय आणि डोक्याचा घेर विचारला. मग म्हणाले, "घेऊन या. ऑपरेशनला माझ्या शेजारी उभ्या राहा."

मानसिंग मात्र अडले. "लय लांब हाय, डाक्टरीणबाई. वाटंत पोरीला काय झालं तर?"

"होऊ शकतं," क्षमा म्हणाली. "पण इथे थांबलो तर होणारच आहे. मी तिच्याजवळून हलणार नाही."

म्हातारा सुनेकडे वळला. क्रांतीने पोरीला पदरात घेतलं. "जाऊया, मामा."

सरांनी निघण्याआधी टाळूतून सुईने थोडं पाणी काढलं आणि कसं काढायचं ते क्षमाकडून एकदा करून घेतलं. निर्जंतुक सुयांचं एक पुडकं त्यांनी स्वतः तिच्या पिशवीत ठेवलं.

मिरजेहून बंगळूरची गाडी धरली. हुबळी मागे पडली आणि दुपारी सई एकाएकी गळाठली. दूध ओढेना, हाक मारली तरी डोळे उघडेना. टाळू पुन्हा टणक झाली होती. धावत्या गाडीत सुई धरणं शक्य नव्हतं. समोरून येणाऱ्या गाडीसाठी एका लहानशा स्टेशनात त्यांची गाडी थांबली. क्षमाने हात धुऊन स्पिरिट लावलं.

"आबा, मी सांगेपर्यंत गाडी हलता कामा नये."

मानसिंग उतरून गार्डाकडे धावले. त्यांनी फौजी हिंदीत काय सांगितलं कुणास ठाऊक, पण गार्ड हिरवं निशाण काखेत धरून उभा राहिला. डब्यातल्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. क्रांतीने सईचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"रडू आलं तर येऊ दे, पण हात हलवू नकोस," क्षमा म्हणाली.

"न्हाई हलवत."

सुई आत गेली. स्वच्छ पाणी थेंब थेंब येऊ लागलं. टाळू मऊ झाली, तशी सईने नाक मुरडलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. सारा डबा हसला. क्रांती मात्र तेव्हा रडली.

मद्रासला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सईच्या डोक्यात नळी बसली. क्षमा प्रमुखांच्या शेजारी उभी होती. पुढच्या दोन महिन्यांत तिने अशी पुष्कळ ऑपरेशनं पाहिली, काही त्यांच्या देखरेखीखाली स्वतः केली. काही मुलं वाचली नाहीत, तेही तिने पाहिलं.

सांगलीत परतल्यावर डोक्यात पाणी साठलेलं पहिलं पोर आलं ते वाळव्याचं. बापट सर ऑपरेशनच्या टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, मदतनिसाच्या जागी.

"सर, तुम्ही इकडे..." क्षमा गडबडली.

"मला हे येत नाही. तू कर, मी धरतो," ते म्हणाले.

ते पोर आठवड्याने घरी गेलं. त्या वर्षात सांगलीत अशी आणखी मुलं बरी झाली.

सई उशिराच चालायला लागली, बोलायलाही. काही वर्षांनी सुट्टीत साताऱ्याला आली असताना क्षमा मेढ्याला गेली, तेव्हा सई अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती, दर चार पावलांवर पडत होती आणि कुणी उचलायला आलं की हात झटकत होती.

"लय हट्टी हाय," मानसिंग कौतुकाने म्हणाले.

"असू दे की, आबा," क्षमा म्हणाली आणि पायरीवर बसून बघत राहिली.