षण्मुखाची मागची बाजू

पुढून

वाळत घातलेली मासळी तुडवत माणसं शेडमध्ये घुसत होती. हर्णेजवळच्या त्या वाडीत देव आला होता. शेंदूर फासलेलं धातूचं धड, डावीकडे तीन तोंडं, उजवीकडे तीन, समोर माणसाएवढं पातं. पडलेल्या लहान विमानाचं भंगारातलं इंजिन ते. तो घेऊन आलेल्या बाबाच्या मते समुद्राने दिलेला षण्मुख.

"खऱ्याने पातं ओढलं तर देव गप्प. खोट्याने ओढलं तर देव हात मागतो," बाबा गात होता.

गेल्या अमावास्येला देवाने गंगारामचं मनगट मागितलं. हाड कातडीबाहेर आलं. वर गावाने काठ्या घातल्या, त्या वेगळ्या.

आज रूपेशची पाळी. सदू नाखव्याची बोट जळाली होती आणि आदल्या दिवशी रूपेश त्याच्याशी भांडला होता. एवढाच पुरावा.

ही गर्दी खुळ्यांची नव्हती. बोटीच्या इंजिनात हात काळे झालेली माणसं होती, आणि तिथेच ती फसली.

"बॅटरी नाय, डिझेलची नळी नाय. मग फिरवतो कोण?" नाखवा म्हणाला.

जाणत्यांनी हात जोडले, मग बाकीचे कशाला मागे राहतात.

मागून

बायकांनी षण्मुखाचं तोंड बघायचं नसतं, म्हणून त्यांना देवाच्या पाठीशी बसवलं होतं. त्यांच्यात रूपेशची बहीण निशिगंधा, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी.

पाठीला शेंदूर नव्हता. दोन डबे होते, त्यांतून सहाही तोंडांकडे वायरी गेलेल्या. दोन्ही डब्यांना जोडलेली एक उघडी तार मात्र बाबाच्या पायाशी आली होती. बाबाने देवाला 'तीर्थ' पाजलं. मासळीच्या वासातूनही तिच्या नाकाला पेट्रोल कळलं.

आधी फिर्यादी म्हणून नाखव्याने पातं ओढलं. टक्. शांत. बाबाचा चिमटा तारेवर आणि धडावर एकदम टेकलेला होता.

मग रूपेश आला.

चिमटा उचलला गेला.

बाजूने

"धोंडूमावशी, कोयती दे."

"कशाला गो?"

शेजारी बसलेल्या मावशीच्या हातातून निशिगंधाने ती हिसकावलीच. लाकडी मूठ घट्ट धरून कोयतीचं पातं तारेवर आणि धडावर दाबलं.

रूपेशने ओढलं. टक्. शांत.

बाबाने चिमटा तिच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं. कोयती हलली नाही.

"बाईने देव बाटवलान. धरा हिला."

कुणी केस ओढले, कुणी पाठीत लाथ घातली. रूपेश धावला, त्याला चौघांनी खाली पाडलं.

"मारा हवं तर," ती म्हणाली. "आधी नाखवा, लांब उभे राहून बांबूने पातं ढकला. भिताय?"

भितो म्हणायला नाखवा तयार नव्हता. त्याने बांबू लावला. तिने कोयती उचलली, त्याने ढकललं.

शेड हादरलं. पातं गरगरलं, बांबूच्या चिरफळ्या झाल्या, एक नाखव्याचा गाल फाडून गेली. आतलं पेट्रोल संपलं तसं पातं थांबलं.

"या बांबूने कोणाची बोट जाळलीन, नाखवा?"

तिने देवाच्या पाठीवरच्या डब्यांकडे बोट दाखवलं.

"डब्यांत चुंबक आहे. सायकलच्या डायनामोसारखं. पातं फिरलं की ठिणगी आपोआप, बॅटरी लागत नाही. तुमच्या डिझेलला ठिणगीच नसते, म्हणून तुम्ही ती शोधली नाहीत. ही तार धडाला टेकली की ठिणगी मेली. उचलली की जिवंत. न्याय चिमट्यात होता."

बाबा मागच्या दाराकडे सरकला. नाखव्याने त्याची मान पकडली. पन्नास हातांनी त्याला पात्याशी ओढलं, पालथं घातलं, हात पात्याखाली दिला.

"पाजा तीर्थ. आता ह्याचा न्याय होऊ दे," नाखवा ओरडला.

निशिगंधाने कोयती पुन्हा तारेवर दाबली.

"ह्याचा हात तुटला की उद्या म्हणाल, देव जागा होता. मग दुसरा बाबा आणाल. ह्याला पोलिसांत द्या. बोट कोणी जाळली ते जळक्या बोटीवर जाऊन बघा, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा, पुरावा मागा. यंत्राला खरंखोटं कळत नाही. ते कळायला माणूस लागतो, आणि तो विचार करणारा लागतो."

कपाळावरचं रक्त हनुवटीवरून कोयतीवर ठिबकत होतं. बाबाचा हात पात्याखालून निघेपर्यंत तिने ती उचलली नाही.