गृहिणीचा कोपरा

"आता त्या पडद्याला हात लावशील तर बघ!" विमलाअक्का दारातूनच ओरडली. "माणसं तुला बघायला येतायत बाबल्या, पडदे बघायला नाय."

बाबल्या स्टुलावरून उतरला, दोन पावलं मागे सरला, मान तिरकी करून पाहिलं आणि पुन्हा स्टुलावर चढला. डावीकडची चुणी उजवीकडच्या चुणीपेक्षा अंमळ जाड पडली होती. ती तशीच ठेवून स्वतःच्या लग्नाची बोलणी करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला आणि ती पोह्यांकडे वळली.

बाबल्याने पन्नाशी ओलांडली होती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या फाटक्या सीटा शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं. बाप लवकर गेला, मग बहिणींची लग्नं, मग आईचं लांबलेलं आजारपण. तोवर स्थळं विचारणाऱ्यांनीच विचारणं सोडून दिलं होतं. बाबल्याने मात्र आशा सोडली नव्हती, आणि त्या आशेला खतपाणी घालत होती ती रद्दीवाल्याकडे मिळालेली जुनी पुस्तकं.

घर कसं सजवावं हे शिकवणारी, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ती पुस्तकं होती. त्यांत फाकलेल्या पायांचे सोफे होते, लांब मानेच्या फुलदाण्या होत्या आणि पाचवारी नेसून निशिगंधाच्या काड्या रचणारी हसरी गृहिणी होती. त्याचं सगळ्यात लाडकं पुस्तक बिनकव्हराचं होतं. कव्हराबरोबर लेखिकेचं नावही गेलेलं, म्हणून बाबल्या तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. बाईंचं बोलणं एक घाव दोन तुकडे असायचं. समोरची भिंत गडद, बाकीच्या फिक्या. बैठकीच्या खोलीत कॅलेंडर दिसता कामा नये. आरामखुर्चीशेजारी उभा दिवा हवाच. लिहिताना बाईंच्या डोळ्यांपुढे बहुधा सहा खोल्यांचा बंगला असावा. बाबल्याकडे नाचणे रोडला दोन खोल्या आणि पडवी होती, पण त्याने बाईंचा शब्द कुठे खाली पडू दिला नव्हता. 'गृहिणीने अमुक करावे' असं वाक्य आलं की तो पहिल्यांदा अडखळे, मग स्वतःशीच म्हणे, ती येईपर्यंत मी करतो.

रिक्षातून दर्शना आणि तिचा भाऊ दीपक उतरले. दर्शना पंचेचाळिशीची, अंगाने शिडशिडीत. नवरा गेल्यापासून ती हातखंब्याला भावाकडे राहत होती आणि आंब्याच्या सीझनला कॅनिंगच्या कारखान्यात जात होती. आत आल्याबरोबर ती उंबऱ्यापाशीच थबकली.

"ह्ये सगळं कोणी केलान?" तिने विचारलं.

"मीच," बाबल्या लाजला. "म्हणजे, बाईंनी सांगितलं तसं."

दीपकचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. "कोण बाई?"

"अवो, पुस्तकातली बाई!" अक्का घाईघाईने पुढे झाली. "भलतं काय मनात आणू नका. आमचा बाबल्या तसला नाय."

दर्शनाला हसू फुटलं. ते हसू बाबल्याला फार आवडलं. इतकं, की त्याचा धीर वाढला आणि त्याने ठेवणीतली गोष्ट दाखवायला काढली. खिडकीजवळ पुस्तकातल्या चित्राबरहुकूम त्याने गृहिणीचा कोपरा मांडला होता. फिक्या निळ्या गादीची बुटकी खुर्ची, अंडाकृती आरसा, कशिदा काढलेला रुमाल आणि शिवणाची पेटी. पेटीतल्या सुयांत दोरेसुद्धा ओवून ठेवले होते.

"बसा ना," तो म्हणाला. "तुमचाच हाय ह्यो कोपरा."

दर्शना खुर्चीच्या कडेवर टेकली. "मला शिवण येत नाय."

"त्याचं काय एवढं? शिकवीन मी."

"कधी केलात ह्यो कोपरा?"

"झाली की सात-आठ वर्षं."

"तवा तुमी मला वळखत पण नव्हता." ती उठून उभी राहिली. "मग ह्यो माझा कसा?"

बाबल्याने खुर्चीची गादी सारखी केली. बाईंनी असा प्रश्न कुठल्या पानावर घेतला नव्हता.

निघताना दीपक रिक्षा बघायला पुढे गेला, तेव्हा ती पडवीत थांबली. "राग मानू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी माणूस चांगले हायत, ता कळलं मला. पण माझं जिणं वहिनीच्या घरात चाललंय. साधं भांडं कुठं ठेवायचं, ता इचारून ठेवते. हितं येऊन आता तुमच्या बाईंना इचारू? कळवते मी."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली, तसा अक्काने तोंडाचा पट्टा सोडला. "बाबल्या, तुझ्या घरात धूळसुदिक तुला इचारून बसते! गणपतीत मी ती फुलदाणी जरा सरकवली, तर माझी पाठ वळल्यावर परत जागेवर ठेवलीस. मला काय दिसलं नाय? मी बहीण, मी गप बसले. बायको कशाला बसेल?"

बाबल्याला पहिल्यांदा संताप आला. इतकी वर्षं शनिवार-रविवार घातले ते काय स्वतःच्या हौसेसाठी? मग तो दिवसभर त्या प्रश्नाभोवती घुटमळत राहिला आणि उत्तर त्याला काही केल्या बदलता येईना. हो, हौसेसाठीच. कोपरा ज्या गृहिणीसाठी मांडला ती चित्रातली होती, तिला काही विचारावं लागत नव्हतं. दर्शना हातखंब्याची होती, जिवंत होती आणि तोंडावर खरं बोलत होती. तिच्या त्या बोलण्यानेच ती त्याला आणखी हवीशी वाटू लागली, आणि ती नाही म्हणणार याची भीतीही.

रविवारी त्याने वर्कशॉपातल्या विनोदला हाताशी घेतलं आणि पुढची खोली रिकामी करायला काढली. सोफा, उभा दिवा, आरामखुर्ची, निळी खुर्ची, आरसा, फुलदाण्या, सगळं आतल्या खोलीत गेलं. आत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. विनोदला वाटलं रंग काढायचाय. पडदे उतरवताना मात्र बाबल्याचे हात जड झाले. एकेक चुणी त्याने उलगडली, घडी घातली आणि विनोदला चहा विचारला.

मग त्याने अक्काला फोन लावला. "दर्शनाबाईंना सांग, एकदा येऊन जा म्हणावं. नकार द्यायला आल्या तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी दर्शना कारखान्यातून परस्पर आली, अक्काबरोबर. अंगाला आमरसाचा वास येत होता. दारात ती पुन्हा थबकली. उघड्या खिडकीतून ऊन सरळ आत आलं होतं आणि भिंतीवर जिथे जिथे काही टांगलं होतं तिथे फिके चौकोन उमटले होते.

"सामान कुठं गेलं?"

"आत हाय. नको ता देऊन टाकू. बाकीचं काय कुठं ठेवायचं, ता तुमी सांगायचं." त्याने दोन्ही हात मागे घेतले. "तुमी म्हणाल तसं. मी मधी बोलणार नाय. बोललो तर गप करा."

दर्शना खोलीच्या मधोमध आली. तिने चारही भिंतींकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"मला नाय माहीत," ती म्हणाली. "खरंच नाय. कधी कोणी इचारलंच नाय ना."

अक्काला एकाएकी चहाची आठवण झाली. सामानातून वाट काढत ती आत गेली.

दर्शना भिंतीला टेकून खाली बसली. थोडा वेळ पाय पोटाशी घेऊन बसली आणि मग तिने ते हळूहळू लांब केले, पार सरळ. दिवसभर उभ्याने काम केलेले, टाचांना भेगा पडलेले पाय. वहिनीच्या घरात असं पाय पसरून बसायला जागाही नव्हती आणि तसं बसणं शोभलंही नसतं. तिने डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

"आज काय नको मांडायला," ती म्हणाली. "आज नुसतं बसू."

बाबल्या उभाच होता. रिकाम्या खोलीत हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो समोरच्या भिंतीला टेकून बसला आणि जरा वेळाने त्यानेही पाय पसरले.

अक्का चहा घेऊन आली. कप ठेवायला कुठे काही नव्हतं, तेव्हा तिने ते दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवले आणि परत आत गेली.

"माझी एक पत्र्याची ट्रंक हाय," दर्शना डोळे न उघडता म्हणाली. "ती आणीन मी. पहिली तीच ठेवू. कुठं, ता तवा बघू."

ट्रंक कुठल्या रंगाची, हे बाबल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने चहाचा कप तोंडाला लावला.