परातीएवढी शांतता

आमचे मालक रिटायर झाले अन् त्यांचं बीपी वाढलं. मंग जालन्याच्या एका शिबिरात जाऊन मंडल काढायचं शिकून आले. गोलात गोल काढून पाकळ्या भरल्या की मन शांत होतं, देव जवळ येतो म्हणे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोठ्या गोलासाठी माझी परात उचलली, मधल्यासाठी ताट, बारक्यासाठी वाटी. मी पीठ मळायला गेले तर परात कागदावर पालथी!

"परात द्या, भाकरी करायच्यात," मी म्हणलं.

"गप! ध्यान तुटून राह्यलं," ते खेकसले. मंग हसली म्हणून सुनेवर ओरडले, बेंबटली म्हणून शेळीवर. "ह्या घरात शांतताच न्हाई!"

मी सून, नातवंडं अन् शेळीसुद्धा घेऊन शेजारच्या चतुराबाईकडं गेले. तिथं आम्ही पोटभर ठेचा-भाकर खाल्ली.

दुपारी परतले तर मालकांचा चेहरा उजळलेला. "मंडलाचा गुण आला बघ! घरात बिलकुल शांतता झाली. आता जल्दी जेवाया वाढ."

मी त्यांचं मंडलच त्यांच्या पुढ्यात सरकवलं. परात, ताट, वाटी, समदं त्यात मांडलेलं होतंच.