एका ताटात

सरकारी आरमारातून मुरारी रजेवर आला तो धाकट्या बहिणीच्या, रखमाच्या लग्नासाठी. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत समुद्र पाहिलेला तो एकटाच. त्याचं जहाज इराणच्या आखातात गस्त घाली आणि माणसं पळवून विकणारी गलबतं धरी. त्याच जहाजावरच्या, तुडील गावच्या सदूनं भर बाजारात त्याचं तोंड भरून कौतुक केलं, आणि तिथंच घात झाला. धरलेल्या गलबतातल्या एका बलुची पोरीबरोबर मुरारी एका ताटात जेवला, असं सदू बोलून गेला.

चोर किती धरले, हे आमच्या गावकीनं विचारलंसुद्धा नाही. परजातीच्या ताटात जेवलेल्याला पंगतीत घ्यायचं कसं, एवढाच सगळ्यांना घोर. मुरारी वाळीत पडला तर रखमाच्या मांडवात काळं कुत्रं फिरकणार नव्हतं.

देवळात बैठक बसली. गावकीचे पुढारी भागोजी तसे मायाळू. त्यांनी पळवाट काढून ठेवली होती.

"बेलभंडार उचल नि देवाची आण घेऊन सांग, जेवलो नाय. मिटलं."

मुरारीच्या आईनं, चिमाबाईनंही घरी हेच विनवलं होतं. पण मुरारीनं बेलभंडाराला हात लावला नाही.

"जेवलो," तो म्हणाला. "आईपासून तोडलेली पोर, सात वर्सांची. आमी सोडवायला आलोय, हे तिला कसं कळावं? आमी इख घालू, असं तिला चोरांनी सांगितलेलं. ताट पुढं केलं की तोंड फिरवायची. मंग मीच त्यातला पयला घास खाल्ला."

बायकांत उभी असलेली चिमाबाई पुढं आली. आता ही रडून सगळ्यांच्या पाया पडणार, असं आम्हाला वाटलं.

"मंग जेवली का रे ती?" तिनं विचारलं.

"जेवली. नि माझ्या मांडीवरच झोपली."

"बरं केलंस," असं म्हणून ती घराकडे चालू लागली.

बैठक निकाल न लावताच उठली. लग्नाला कोण जाणार, हे कुणी कुणाला विचारेना.

गेलो. एकमेकांकडे चोरून बघत, पण सगळे गेलो. भागोजीही आले. मुरारीशेजारी पानावर बसायला मात्र त्यांचं मन धजेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मग त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, भाताची परात उचलली आणि मुरारीच्या पानापाशी वाकले.

"पोटभर जेव, लेका," ते म्हणाले, आणि तो नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिले.